स्वतः लिहिलेलं कॉयरचं किंवा पियानोचं कंपोझिशन लोकांना दाखवायचंय? असं करा

कॉयरसाठी, म्हणजे समूहगायनासाठी, चार आवाजांत (वरून खाली सोप्रानो, आल्टो, टेनर, बास) काहीतरी लिहून झालंय, किंवा पियानोचा एखादा पीस पुरा झालाय, आणि आता कुणीतरी तो बघावा, वाजवून बघावा, काय जमलंय काय नाही ते सांगावं असं वाटतंय. आपल्याकडे चाल लावणारे भरपूर आहेत पण चार आवाजांचं नोटेशन लिहिणारे कमी आणि ते वाचून नीट सांगणारे त्याहून कमी, त्यामुळे होतं काय की पीडीएफ दहा जणांना जाते, उत्तरं येतात 'मस्तच', 'खूप सुंदर', दोन अंगठे, एक हार्ट, आणि पीस होता तिथेच राहतो. मी कॉयरमध्ये आल्टो गाते, पियानो वाजवते, लिहितेही, आणि दुसऱ्यांचे नवे पीस वाचून बघायला मला मनापासून आवडतं. माझं ठाम मत आहे की चांगला फीडबॅक मिळणं बऱ्यापैकी आपल्याच हातात असतं, आणि कॉयरच्या पीसबद्दलचं खरं उत्तर माणसांच्या गळ्यातूनच येतं. म्हणून खालचं सगळं त्या एका दिशेने आहे, पीस लवकरात लवकर गाणाऱ्यांच्या तोंडात आणि वाजवणाऱ्यांच्या बोटांत कसा पोचेल.

सगळ्यात आधी, प्लेबॅकवर विसंबू नका

म्यूझस्कोर हे नोटेशन लिहायचं आणि ते वाजवून ऐकवायचं (तोच प्लेबॅक) सॉफ्टवेअर फुकट आहे, डिसेंबर २०२२ मध्ये त्याचं चौथं व्हर्जन आलं तेव्हापासून त्यातले आवाज खूपच सुधारलेत, आणि तिथेच गडबड होते. सॉफ्टवेअरमधला कॉयर कधी श्वास घेत नाही, त्याला शब्द म्हणायचे नसतात, त्याचा आल्टो खालच्या 'जी' या सुरावरही स्पष्ट ऐकू येतो आणि सोप्रानो दोन पानं वरच्या एफवर लटकून राहिला तरी दमत नाही. म्हणजे जे गाताना हमखास अडणार तेच प्लेबॅकमध्ये लपतं.

म्हणून कुणालाही पाठवण्याआधी चारही ओळी स्वतः गाऊन बघा. तुमचा आवाज कुठलाही असू दे, जमेल त्या सप्तकात गा, पण शब्दांसकट, उभं राहून, ठरवलेल्या टेम्पोत, आणि न थांबता. जिथे श्वास पुरला नाही तिथे पेन्सिलने खूण करा, जिथे पुढचा सूर पियानोवर शोधावा लागला तिथेही खूण करा. या खुणा म्हणजे तुमचा पहिला फीडबॅक, आणि तो कुणाचा वेळ न घेता मिळालेला.

पियानोचा पीस असेल तर तो अर्ध्या स्पीडने दोन्ही हातांनी वाजवा. स्वतःला वाजवता येत नसेल इतका अवघड असेल तरी निदान प्रत्येक कॉर्डवर हात ठेवून बघा की माणसाचा पंजा तिथे पोचतो का. पियानोवर एक ऑक्टेव्ह म्हणजे साधारण साडेसोळा सेंटिमीटर, तो बहुतेकांना जमतो, नववा सूर बऱ्याच जणांना ताणून जमतो, दहावा मात्र अनेकांना जमतच नाही. डाव्या हातात सी आणि त्याच्या वरच्या सप्तकातला ई एकदम दाबायला लिहिलात तर लहान हाताचा पियानिस्ट तो तोडून वाजवणार, मग तुम्हाला तोडून चालणार असेल तर तशी अर्पेजिओची (सूर एकामागोमाग वाजवायची) खूण घाला, नाहीतर तो ई उजव्या हाताला द्या.

स्कोर असा करा की समोरच्याला लगेच गाता येईल

हा भाग कंटाळवाणा वाटतो पण माझ्या मते निम्मा फीडबॅक इथेच ठरतो, कारण स्कोर, म्हणजे सुरांची लिहिलेली प्रत, अस्वच्छ असला की वाचणारा संगीतावर बोलतच नाही, तो लिहिण्याच्या चुकांवरच बोलत बसतो आणि त्यातच त्याचा उत्साह संपतो.

आवाजांची पट्टी बघा. हौशी कॉयर धरला तर सोप्रानो मधल्या सी पासून दीड सप्तक वरच्या जी पर्यंत, आल्टो मधल्या सी च्या खालच्या ए पासून वरच्या सी पर्यंत, टेनर मधल्या सी च्या एक सप्तक खालच्या सी पासून मधल्या सी च्या वरच्या एफ पर्यंत, आणि बास त्याहून खालच्या एफ पासून मधल्या सी पर्यंत, एवढ्यात पीस बसवला तर कुणाची तक्रार येत नाही. याच्या बाहेर जाता येतं, जावंही, पण तिथे क्षणभर जाऊन परत या, मुक्काम करू नका. आणखी एक, आपल्याकडच्या बऱ्याच कॉयरमध्ये टेनर मोजकेच असतात, तेव्हा त्यांना दोन भागांत विभागण्याआधी दोनदा विचार करा.

टेनरला ट्रेबल क्लेफ (ओळीच्या सुरुवातीची, सुरांची उंची सांगणारी खूण) द्या पण खाली छोटा ८ असलेला, नाहीतर ती ओळ एक सप्तक वरची समजली जाते. बार नंबर (मात्रांच्या प्रत्येक गटाचा क्रमांक) प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला घाला, मोठा पीस असेल तर रिहर्सल लेटर्सही (भागाभागाला ए, बी, सी अशी अक्षरं) घाला, कारण फीडबॅक देणाऱ्याला 'ते दुसऱ्या पानावर मधे कुठेतरी' असं म्हणायला लागू नये. टेम्पो शब्दांत आणि आकड्यात दोन्ही लिहा. श्वासाच्या जागा तुम्हीच ठरवून खुणा करा. पीस बिनसाथीचा असला तरी खाली पियानो रिडक्शन (चारही आवाज पियानोवर वाजवता येतील असे एकत्र लिहून) टाका, छोट्या अक्षरांत, फक्त रिहर्सलसाठी असं लिहून, म्हणजे डायरेक्टरला चार ओळी एका नजरेत वाजवता येतात. पियानो साथीला असेल तर पान उलटायची जागा अशी आणा जिथे निदान एक हात मोकळा आहे. हे खूप लोक विसरतात आणि पियानिस्ट बिचारे काही न बोलता फोटोकॉपी चिकटवत बसतात.

मिडी कीबोर्डवर (कॉम्प्युटरला जोडलेल्या कीबोर्डवर) वाजवून नोटेशन घेतलं असेल तर ते जसंच्या तसं कधीही पाठवू नका. त्यात नको तिथे सोळाव्याचे रेस्ट (बारीक विराम) आणि टाय (सूर जोडणाऱ्या रेघा) येतात, जी फ्लॅटच्या जागी एफ शार्प येतो, आणि साधी तीन मात्रांची ओळ गणिताच्या पेपरासारखी दिसायला लागते. बसून हाताने साफ करा.

शेवटी तीन फाइल्स काढा, पीडीएफ ए४ आकारात, ऑडिओ, आणि म्यूझिकएक्सएमएल. तिसरी का, तर प्रत्येकाकडे नोटेशनचं वेगळं सॉफ्टवेअर असतं, कुणाकडे सिबेलियस, कुणाकडे डोरिको, आणि ऑगस्ट २०२४ मध्ये फिनाले हे तसंच सॉफ्टवेअर बंद होत असल्याचं जाहीर झालं तेव्हा ज्यांच्याकडे सगळं फक्त फिनालेच्याच फाइलमध्ये होतं त्यांची भलतीच धांदल उडाली. म्यूझिकएक्सएमएल जवळपास सगळीकडे उघडते. मिझोराममधल्या एखाद्या कॉयरला पाठवणार असाल तर तिथे टॉनिक सोल-फा (डो-रे-मी अक्षरांत लिहिलेले सूर) वाचायची मोठी परंपरा आहे, तेव्हा आधी विचारा त्यांना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरचं) हवंय की सोल-फा.

मराठी शब्द असतील तर थोडं जास्त काम आहे

मराठीत चार आवाजांचं लिहिणं मला फार महत्त्वाचं वाटतं, ते अजून खूप व्हायला हवं. चर्चमध्ये नारायण वामन टिळकांची भजनं मराठी ख्रिस्ती मंडळी किती वर्षं गातायत, म्हणजे समूहाने मराठी गायची सवय आपल्याकडे आहेच. पण स्कोरमध्ये मराठी बसवताना काही गोष्टी ठरवाव्या लागतात.

'मन' हा शब्द घ्या. एकाच सुरावर गाऊन न् ने बंद करायचाय, की म आणि न असे दोन सूर द्यायचेत? दोन्ही चालतं पण तुम्ही लिहिलं नाहीत तर सोप्रानो एक करणार आणि बास दुसरं. 'आनंदी' लिहिताना आ-नं-दी असं तोडा, आणि नं लांब सुरावर असेल तर अनुस्वार कधी म्हणायचा ते सांगा, नाहीतर अर्धा कॉयर दोन मात्रा नाकात गुणगुणत राहतो. 'चंद्र' आणि 'चांदणं' दोन्हींत अक्षर 'च' आहे पण उच्चार वेगळा, मराठी येणाऱ्याला ते सांगायला नको पण मुंबईच्या कॉयरमध्ये पारशी, तमिळ, मल्याळी असे सगळे असतात, त्यांच्यासाठी देवनागरीखाली रोमन अक्षरांत दुसरी ओळ द्या आणि पहिल्या पानावर उच्चारांची चार ओळींची टीप द्या. इ किंवा ऊ सोप्रानोच्या अगदी वरच्या सुरावर आला तर शब्द कळत नाही आणि गळा आवळतो, तिथे आ किंवा ओ येईल अशी सुरावट फिरवता येते का बघा. दूर, फूल असे दीर्घ उच्चार एका तोकड्या नोटवर कोंबू नका, ऐकणाऱ्या मराठी माणसाला ते लगेच खटकतं.

कविता दुसऱ्याची असेल तर आधी हक्क बघा

भारतात १९५७ च्या कायद्याप्रमाणे कवीच्या मृत्यूनंतर पुढच्या वर्षापासून मोजून ६० वर्षं हक्क राहतात. केशवसुत (मृत्यू १९०५), बालकवी (१९१८), ना. वा. टिळक (१९१९), भा. रा. तांबे (१९४१) यांच्या कविता मोकळ्या आहेत, ज्ञानेश्वर-तुकारामांचा तर प्रश्नच नाही. बोरकर १९८४ मध्ये गेले म्हणजे २०४४ संपेपर्यंत थांबा किंवा परवानगी घ्या, कुसुमाग्रजांच्या बाबतीत २०५९ संपेपर्यंत.

हे आधी बघायचं कारण म्हणजे अमेरिकन कंपोझर एरिक व्हिटेकरची गोष्ट. त्याने रॉबर्ट फ्रॉस्टच्या बर्फाळ संध्याकाळवरच्या प्रसिद्ध कवितेवर कॉयरचा पीस लिहिला, आणि नंतर कळलं की फ्रॉस्टच्या हक्कदारांची परवानगी मिळणार नाही. शेवटी चार्ल्स अँथनी सिल्व्हेस्ट्री या कवीने त्याच सुरांवर, त्याच मापात नवीन कविता लिहून दिली आणि तो पीस 'स्लीप' नावाने जगभर गायला गेला. प्रत्येकाला असा कवीमित्र मिळेलच असं नाही, तेव्हा शब्द आधी पक्के करा.

तुमच्या स्वतःच्या संगीताचा हक्क मात्र लिहिल्याक्षणीच तुमचा असतो, नोंदणी सक्तीची नाही. पहिल्या पानावर नाव, वर्ष आणि कॉपीराइटची खूण घाला, आणि चोरी होईल या भीतीने पीस कपाटात ठेवू नका. नवीन लिहिणाऱ्याचं खरं नुकसान पीस कुणी न गाण्याने होतं.

ऐकायला काय पाठवायचं

जमलं तर माणसांचं रेकॉर्डिंग, मग ते कितीही कच्चं असू दे. चार जण एकत्र येत नसतील तर एकेकाने घरी बसून कानात हेडफोन लावून क्लिक (ठेक्याची टिकटिक) आणि पियानो ऐकत आपापला पार्ट फोनवर गावा आणि तुम्ही ते ऑडॅसिटीमध्ये एकावर एक ठेवावं. ऑडॅसिटी हे आवाज जोडायचं सॉफ्टवेअर फुकट आहे. सगळ्यांनी सुरुवातीला क्लिकबरोबर एक टाळी वाजवली की चारही ट्रॅक जुळवणं सोपं जातं. व्हिटेकरच्याच पहिल्या व्हर्च्युअल कॉयरमध्ये, २०१० मध्ये, १८५ जणांचे वेगवेगळे व्हिडिओ असेच एकत्र केले होते, आपल्याला तर चारच करायचेत.

पियानो रेकॉर्ड करताना फोन पियानोवर ठेवू नका, ठोकल्यासारखा आवाज येतो, एक-दीड मीटर लांब खुर्चीवर एखादी मऊ वस्तू घालून ठेवा, ग्रँड असेल तर उघड्या झाकणाच्या बाजूला. पंखा बंद करा. आणि व्हॉट्सॲपवर पाठवायचं तर व्हॉइस मेसेज म्हणून अजिबात नाही, फाइल डॉक्युमेंट म्हणून जोडा, नाहीतर पेडलचा सगळा गुंजारव दाबला जातो आणि समोरचा म्हणतो की पीस कोरडा वाटतो.

रेकॉर्डिंग अगदीच शक्य नसेल तरच प्लेबॅक, आणि सोबत स्पष्ट लिहा की हा कॉम्प्युटरचा आवाज आहे.

कुणाला पाठवायचं आणि काय विचारायचं

सगळ्यांना सगळं विचारू नका. गायकाला विचारा कुठे श्वास पुरत नाही, कुठे सूर सापडत नाही. पियानिस्टला विचारा कुठे हात अडतो, कुठलं पान उलटता येत नाही. कॉयर डायरेक्टरला विचारा हा पीस बसवायला किती रिहर्सल लागतील, कारण त्या एका उत्तरात अवघडपणा, लांबी, आवाजांचा तोल सगळं येतं. दुसऱ्या कंपोझरला हार्मनी आणि रचनेबद्दल विचारा, म्हणजे मधला भाग लांबलाय का, शेवट घाईत झालाय का. आणि संगीत न शिकलेल्या एखाद्या मावशीला किंवा मित्राला ऐकवून फक्त एवढंच विचारा की लक्ष कुठे उडालं. ते उत्तर भलतंच अचूक येतं.

मुंबई, पुणे, गोव्यात कॉयर आणि पियानो शिकवणारी माणसं शोधली की सापडतात, चर्चचे कॉयरमास्टर आहेत, कॉलेजचे ग्रुप आहेत. मुंबईत तर कॉयरसाठी नव्याने लिहायची परंपरा जुनी आहे, तिथले कंपोझर व्हिक्टर परांज्योतींचा 'द्रविडियन डिथिरँब' हा पीस तर परदेशातले कॉयरही गातात, आणि परांज्योतींनंतर त्यांचा कॉयर कूमी वाडियांनी वर्षानुवर्षं चालवला. अशा माणसांना वेळ कमी असतो, म्हणून मेसेज नेमका हवा. साधारण असा:

'नमस्कार मॅडम. मी बालकवींच्या कवितेवर एक पीस लिहिलाय, सोप्रानो-आल्टो-टेनर-बास आणि पियानो, साडेतीन मिनिटं, मध्यम अवघड. बार २४ ते ३२ मध्ये पियानो थांबतो आणि नुसते आवाज राहतात. तुमच्या कॉयरला तिथे सूर टिकवता येईल का, की मी पियानो चालू ठेवू? स्कोर आणि ऑडिओ सोबत जोडलाय. वेळ कमी असेल तर फक्त पान ३ बघितलंत तरी मला खूप मदत होईल.'

यात काय काय आलं बघा, पीस केवढा आहे, कुणासाठी आहे, प्रश्न एकच आहे आणि तो बार नंबरसकट आहे, आणि समोरच्याला कमी वेळात सुटायची वाटही आहे. 'कसा वाटला सांगा' याला उत्तर 'छान' असंच येणार. दोन आठवड्यांनी एकदा आठवण करा, त्यानंतर नाही. आणि दुसऱ्याचा पीस वाचून द्यायची तयारी ठेवा, कारण देवाणघेवाण असली की माणसं मनापासून सांगतात.

एक संध्याकाळ वाचनाची

माझ्या मते सगळ्यात मोलाची पायरी हीच. प्रत्येक आवाजाला एक, शक्य असेल तर दोन गायक, आणि एक पियानिस्ट बोलवा, चहा-पोहे करा, प्रत्येकाला प्रिंट आणि पेन्सिल द्या. पहिल्यांदा पीस सुरुवातीपासून शेवटपर्यंत न थांबता वाचू दे, कितीही कोसळला तरी. तुम्ही गाऊ नका, वाजवू नका, हातवारेही करू नका, फक्त स्कोर समोर ठेवून जिथे लोक अडतात तिथे टिंब द्या. दुसऱ्यांदा परत पूर्ण. आता ज्या जागा पहिल्यांदा चुकल्या आणि दुसऱ्यांदा आपोआप बरोबर आल्या त्या सोडून द्या, ते वाचनाचं होतं. दोन्ही वेळा जिथे टिंब पडलं त्या जागा तुमच्या आहेत.

एक उदाहरण देते. टेनर एका वाक्याच्या शेवटी एफवर थांबतात, दोन मात्रांचा रेस्ट, आणि मग त्यांना एफ शार्पवर आत यायचंय. मधल्या वेळात सोप्रानो साध्या एफवर आहेत. कागदावर काहीच अवघड दिसत नाही, अर्धा सूर वर जायचंय फक्त, पण गाताना टेनर दर वेळी साध्या एफवरच येतात कारण कानात तोच घोळतोय. यावर 'टेनरनी नीट ऐकावं' हे उत्तर नव्हे. पियानोच्या डाव्या हातात एक मात्रा आधी एफ शार्प ठेवला, किंवा आल्टोला आधी त्या सुरावर नेऊन टेनरनी तो त्यांच्याकडून उचलला, की प्रवेश पहिल्याच वाचनात बरोबर येतो आणि सुरांचा रंगही तुम्हाला हवा होता तसाच राहतो. कॉयरसाठी लिहिताना अर्धं कसब हेच, की प्रत्येक अवघड सूर गायकाला कुठून मिळणार याची सोय आधीच करून ठेवायची.

वाचन झाल्यावर गप्पा मारा, पण समजावत बसू नका की तुमच्या मनात काय होतं. त्यांनी विचारलं तर सांगा. आणि रेकॉर्डिंग चालू ठेवा, अर्थात सगळ्यांना आधी विचारून, कारण त्या वेळी ऐकलेलं घरी आल्यावर आठवत नाही.

सगळं ऐकून झाल्यावर

लगेच बदलायला बसू नका, एक-दोन दिवस जाऊ द्या. मग सगळे शेरे एका कागदावर बार नंबरच्या क्रमाने उतरवा. जिथे दोघा-तिघांनी एकाच जागेवर बोट ठेवलंय तिथे अडचण नक्की आहे, पण त्यांनी सुचवलेला उपाय घ्यायलाच हवा असं नाही, उपाय तुमचा असू दे. जिथे एकाने म्हटलं की शेवट मेजरवर हवा आणि दुसऱ्याला मायनर फार आवडलाय, तो आवडीचा भाग आहे, तिथे स्वतःच्या कानाचं ऐका. आणि पियानिस्ट म्हणाला की अमुक कॉर्ड वाजतच नाही तर वाद घालू नका, बदला.

प्रत्येक बदलाला नवी फाइल करा, नावात तारीख टाका, जुनी पुसू नका, बऱ्याचदा आधीच्या व्हर्जनमधल्या दोन बारच जास्त चांगल्या निघतात. स्कोरच्या तळाशीही तारीख छापा म्हणजे रिहर्सलला अर्ध्यांच्या हातात जुनी प्रत असली तर लगेच कळतं.

पीस पक्का झाला की मोकळा ठेवायचा तर कोरल पब्लिक डोमेन लायब्ररी ही १९९८ पासून चालू असलेली जागा चांगली आहे, तिथे हयात कंपोझरही स्वतःचे स्कोर ठेवतात आणि जगभरचे डायरेक्टर तिथे नवं शोधायला येतात. पण स्पर्धेला पाठवायचा विचार असेल तर आधी नियम वाचा, बऱ्याच स्पर्धांना कुठेही न छापलेला आणि न गायलेला पीस लागतो, एकदा सगळीकडे टाकलात की ते दार बंद. आणि कुठल्या कॉयरने गायला घेतला तर त्यांना किती प्रती काढायची परवानगी आहे, रेकॉर्डिंग लावलेलं चालेल का, कार्यक्रमपत्रिकेत तुमचं आणि कवीचं नाव कसं छापायचं, हे तीन मुद्दे रिहर्सल सुरू व्हायच्या आधी एका मेलमध्ये लिहून द्या. ज्यांनी वाचून दिला होता त्यांना कार्यक्रमाची तारीख कळवा, पुढच्या रांगेतल्या खुर्च्या त्यांच्यासाठी सांगून ठेवा, आणि पुढचा पीस लिहायला घ्याल तेव्हा पहिली प्रत त्यांनाच पाठवा.